बापाचा पगार, पोराचा अर्ज

‘ज्याचा बाप दीड लाख डॉलर कमावतो, त्या पोराला सरकारनं फुकट पैसे का द्यायचे?’ अमेरिकेतल्या मराठी घरांत कॉलेजच्या खर्चाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. प्रश्न विचारला म्हणजे वाद मिटला, अशा थाटात तो पुढच्या विषयाकडे वळतो. मी मात्र तिथंच अडून बसणार आहे, कारण या एका वाक्यात एक गृहीत हळूच आत सरकवलेलं आहे: बाप कमावतो, म्हणजे पोराकडे पैसे आहेत. अमेरिकी संघ सरकारचं विद्यार्थी अनुदानाचं सगळं गणित याच गृहीतावर उभं आहे. आणि त्याचा फटका बसतो तो ज्याच्यापर्यंत बापाचा पैसा पोचतच नाही, नेमक्या त्या मुलाला.

आधी नियम काय आहे ते. कॉलेजसाठी सरकारी मदत हवी असेल तर फॅफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. पदवीचं शिक्षण घेणारा विद्यार्थी 24 वर्षांचा होईपर्यंत आई-वडिलांवर अवलंबून आहे असं हा अर्ज धरून चालतो आणि त्यांचं उत्पन्न मोजतो. यातून सुटका कुणाची? लग्न झालेल्यांची, स्वतःचं मूल पोसणाऱ्यांची, सैन्यात असलेल्या किंवा सैन्यातून परतलेल्यांची, वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीतरी अनाथ असलेल्या वा फॉस्टर केअरमध्ये राहिलेल्यांची, कोर्टानं ज्यांचं पालकत्व दुसऱ्याकडे दिलं त्यांची, बेघरांची. स्वतःच्या कमाईवर जगणारा मुलगा या यादीत नाही. तो नजरचुकीनं राहून गेलेला नाही, त्याला मुद्दाम वगळलं आहे. ती हकिगत पुढे येईलच.

2025-26 च्या अर्जासाठी तारखेची रेषा होती 1 जानेवारी 2002. त्याआधी जन्मलेला स्वतंत्र, नंतरचा अवलंबून. आता समजा, न्यू जर्सीतल्या एका वेअरहाउसमध्ये दोन मुलं रात्रपाळी करतात. दोघांची कमाई वर्षाला 20,000 डॉलर, दोघं एकाच अपार्टमेंटचं भाडं वाटून भरतात, दोघं एकाच कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाला आहेत आणि दोघांनाही घरून कित्येक वर्षांत एक छदाम आलेला नाही. एक जन्मला 31 डिसेंबर 2001 च्या रात्री अकराला, दुसरा त्यानंतर दोन तासांनी. पहिल्याला संघ सरकारचं अनुदान, म्हणजे पेल ग्रँट, पूर्ण मिळतं, 7,395 डॉलर. बहुतेक ठिकाणी कम्युनिटी कॉलेजची वर्षाची फी भागून त्यात पुस्तकांचेही पैसे निघतात. दुसऱ्याच्या अर्जात न बोलणाऱ्या बापाचे दीड लाख शिरतात आणि त्याची पेल शून्यावर येते. बाप माहितीच द्यायला तयार नसेल तर तसं सांगायची सोय अर्जात आहे, पण ती वापरली की अनुदान विसरायचं. मग हाती पडतं फक्त कर्ज, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 5,500 डॉलर, आणि व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासून. पुष्कळ राज्यांची अनुदानंही हीच व्याख्या उचलतात, त्यामुळे इथं नापास झालेला तिथंही नापास.

या व्यवस्थेचे समर्थक पहिलं कारण सांगतात ते नीतीचं. मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी आधी आई-वडिलांची, करदात्याची नंतर. ऐकायला चांगलं वाटतं. पण जबाबदारी असेल तर ती कुठल्यातरी कायद्यात दिसली पाहिजे. एकत्र नांदणाऱ्या आई-वडिलांना अठरा वर्षांच्या मुलाची कॉलेजची फी भरायला लावील असा कायदा अमेरिकेत नाही. न्यू जर्सीत 1982 च्या न्यूबर्ग विरुद्ध अ‍ॅरिगो या निकालापासून कोर्ट घटस्फोटित आई-वडिलांना कॉलेजच्या खर्चात वाटा उचलायला सांगू शकतं. नांदत्या जोडप्याला नाही. पेनसिल्व्हेनियानं विभक्त आई-वडिलांसाठी तसा कायदाच केला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली तो रद्द केला, कारण घटस्फोटितांच्या मुलांना जो हक्क मिळतो तो इतरांच्या मुलांना नाही, हा भेदभाव झाला. म्हणजे बाप कायद्यानं काहीच देणं लागत नाही, आणि तरी त्यानं ‘द्यायला हवी होती’ ती रक्कम मुलाच्या अनुदानातून वजा होते. ज्यानं दिलं नाही त्याला काही होत नाही, ज्याला मिळालं नाही त्याला दंड.

जर्मनीतही बाफोग नावाच्या शिष्यवेतनासाठी आई-वडिलांचं उत्पन्न मोजतात. पण तिथं मुलाच्या पहिल्या व्यावसायिक शिक्षणाचा खर्च करणं हे आई-वडिलांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि बाप हात वर करून बसला तर सरकारी कचेरी मुलाला ती रक्कम आगाऊ देते आणि मग बापाच्या मागे वसुलीला लागते. भांडण सरकार आणि बाप यांच्यात, मुलगा वर्गात. जबाबदारी मानायची तर अशी, दोन्ही टोकांनी मानायची. अमेरिकेनं तिचं अर्धंच टोक धरलं आहे, मुलाकडचं.

‘महाराष्ट्रातही उत्पन्नाचा दाखला लागतोच की!’ हे माझ्यावर फेकलं जाणार, म्हणून आधीच घेतो. लागतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची मर्यादा आहे आणि तहसील कचेरीत रांगही आहे. त्या पद्धतीचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. पण 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं अविवाहित मुलीला, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, सज्ञान झाल्यावरही बापाकडे निर्वाह मागायचा हक्क दिला आहे. तो कितीजणी वापरतात हा प्रश्न वेगळा. अमेरिकेत वापरायलाही काही नाही.

दुसरं समर्थन वयाचं: अठरा-वीस वर्षांची मुलं कसली स्वतंत्र? बरं. मग अमेरिकी सरकारनं एकदा एकत्र बसून ठरवावं. अठराव्या वर्षी मत देता येतं आणि कर्जाच्या कागदावर सहीही करता येते. कॉलेजात नाव घातलं की 1974 च्या फर्पा कायद्यानं मार्कांच्या नोंदींवरचा हक्क मुलाचा होतो. करात मुलाला आपल्यावर अवलंबून दाखवणाऱ्या बापाला कॉलेज त्या नोंदी दाखवू शकतं, दाखवल्याच पाहिजेत असं नाही. म्हणजे बापाचा पगार मुलाच्या अर्जात हवाच, मुलाचे मार्क बापाला दिसले तर दिसले. आपल्या लोकांना सर्वांत जास्त टोचावा असा दाखला तर इमिग्रेशनचा. एच-1बी वर आलेल्या आई-बापांबरोबर तान्हेपणी आलेली मुलगी, ग्रीन कार्डाची रांग संपायच्या आत एकवीस वर्षांची झाली, की तिचा एच-4, म्हणजे आई-बापांवर अवलंबून असल्याचा, दर्जा संपतो. सरकार सांगतं, तू आता आई-बापाचं लेकरू नाहीस, स्वतःची सोय बघ नाहीतर देश सोड. तिच्या पाठचा भाऊ इथं जन्मलेला, नागरिक. तो बावीस वर्षांचा असताना अनुदान मागायला गेला की तेच सरकार सांगतं, तू अजून लेकरू आहेस, आधी बापाचा पगार दाखव. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाशी ही दोन उत्तरं मिळतात. दोन्ही उत्तरांत सरकारचा पैसा किंवा व्हिसा वाचतो, एवढंच त्यांच्यात साम्य.

आता इतिहास, कारण हा नियम आकाशातून पडलेला नाही. 1972 साली ही ग्रँट सुरू झाली, पुढे 1980 मध्ये तिला ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव मिळालं. त्या काळात स्वतंत्र कोण हे वस्तुस्थितीवरून ठरे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कसोटी अशी होती: आई-वडिलांनी करविवरणात तुझं नाव घातलं का, वर्षात सहा आठवड्यांपेक्षा जास्त त्यांच्या घरी राहिलास का, त्यांच्याकडून 750 डॉलरपेक्षा जास्त मदत घेतलीस का. तिन्हींना ‘नाही’ म्हणणारा स्वतंत्र. स्वतंत्र म्हणवणारे वाढत गेले तसा काँग्रेसला संशय आला की सुखवस्तू घरं नावापुरती मुलं वेगळी काढताहेत. म्हणून 1986 च्या दुरुस्तीत चोविसाची रेषा आली. तरीही त्या दुरुस्तीनं एक दार उघडं ठेवलं होतं: दोन वर्षं ज्याचं नाव आई-वडिलांच्या करात नाही आणि ज्याची स्वतःची मिळकत त्या दोन्ही वर्षांत किमान 4,000 डॉलर आहे, तो अविवाहित विद्यार्थीही स्वतंत्र.

1992 च्या दुरुस्तीनं ते दारही लावून घेतलं. त्याच कायद्यानं आणखी एक गोष्ट केली, ती शेजारी ठेवून पाहावी. आई-वडिलांना मुलांच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या पॅरेंट प्लस कर्जावरच्या मर्यादा त्यानं उठवल्या; कॉलेज जेवढा खर्च सांगेल तेवढं, त्यातून इतर मदत वजा करून, कर्ज घ्या. स्वतः कमावणाऱ्या मुलाला बंदी आणि बापाला अमर्याद उधारी, एकाच कायद्यात, एकाच राष्ट्राध्यक्षाच्या सहीनं. उधारीला पुन्हा लगाम घालायला सरकारला 2025 साल उजाडलं: जुलै 2026 पासून नव्या कर्जांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 ची मर्यादा. मुलासाठी लावलेलं दार मात्र कुणी उघडलं नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही तिथं मानाची गोष्ट होती. अमेरिका तर स्वतःच्या पायावर उभं राहणाऱ्याचं कौतुक करता करता थकत नाही, आणि तिच्याच अर्जात कमावून शिकणाऱ्याला रकाना नाही.

‘पण दार उघडलं की लबाड घुसतील.’ तिसरं समर्थन हे, आणि खरं सांगायचं तर यातच थोडा दम आहे. लबाडी होते. 2019 च्या जुलैमध्ये प्रोपब्लिका इलिनॉय आणि वॉल स्ट्रीट जर्नल यांनी उघडकीला आणलेलं प्रकरण आठवा. शिकागोच्या उत्तरेच्या सधन उपनगरांत, लेक काउंटीत, दीड वर्षात 40 हून अधिक अर्ज कोर्टात आले होते: धडधाकट, कमावते आई-बाप कॉलेजात जायच्या तोंडावर असलेल्या मुलाचं पालकत्व मावशीला, आजीला, घरच्या स्नेह्याला देऊन टाकत होते. मुलगा त्याच घरात, त्याच खोलीत. कागदोपत्री मात्र त्याचा आई-बापाशी संबंध संपला, त्यांचं उत्पन्न अर्जातून गेलं आणि मदत मोकळी झाली.

मग लबाड आत घुसले कुठून? जिथं वस्तुस्थिती विचारतात तिथून नव्हे. ज्या सवलतीला फक्त कोर्टाचा कागद लागतो तिथून. वकील करायची ऐपत असलेल्याला आजचा नियम अडवत नाही. ज्याला वकील परवडत नाही त्यालाच अडवतो. ‘दोन वर्षं भाडं कुणी भरलं, किराणा कुणी आणला’ असा जुना प्रश्न त्या घरांना विचारला असता तर एकही टिकलं नसतं. लग्नाचंही तसंच. अर्ज भरायच्या दिवशी विवाहित असलात की झालं. लास व्हेगासच्या लायसन्स कचेरीत रोज मध्यरात्रीपर्यंत परवाना मिळतो. एकोणीस वर्षांचा मुलगा संध्याकाळी बोहल्यावर चढला तर उतरताना स्वतंत्र, आणि तीन वर्षं पेट्रोल पंपावर राबून भाडं भरणारा त्याचा मित्र अवलंबून! बंदूक घेऊन सैन्यात गेला तर एकोणिसाव्या वर्षीही स्वतंत्र. पुस्तक घेऊन कॉलेजात गेला की चोविसाव्यापर्यंत बाळ.

चौथं समर्थन कचेरीच्या दयेचं. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसरला अपवाद करायचे अधिकार आहेत, असं सांगतात. आहेत, आणि 2020 च्या फॅफ्सा सुधारणा कायद्यानं ते बरेच स्पष्टही केले: आई-वडिलांनी टाकून दिलेलं, घरी छळ, ते तुरुंगात, मानवी तस्करी, निर्वासित. एकदा मान्य केलेला अपवाद पुढच्या वर्षी कॉलेजनं पुन्हा सिद्ध करायला लावू नये, असंही सांगितलं. चांगलं केलं. पण त्याच नियमांत हेही लिहिलेलं आहे की पुढच्या गोष्टी, एकेकट्या किंवा सगळ्या मिळूनही, अपवादाला पुरेशा नाहीत: आई-वडील पैसे द्यायला नकार देतात, माहिती द्यायला नकार देतात, करात मुलाला अवलंबून दाखवत नाहीत, मुलगा पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभा आहे. चारही गोष्टी खऱ्या असल्या तरी नाही. अधिकाऱ्याला दया येऊन उपयोग नाही, तिच्यासाठी रकाना नाही.

आणि आता आपली मंडळी. ‘आपल्यात हा प्रश्नच नाही, आपण मुलांना वाऱ्यावर सोडत नाही,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते म्हणणाऱ्यांच्या मुलांकडे मी आता जरा निरखून पाहतो. सोडत नाही, हे खरं. धरून ठेवतो. कंप्युटर सायन्स घेतलंस तर फी भरतो, थिएटर घेतलंस तर तुझं तू बघ. घरापासून चाळीस मैलांच्या आतलं कॉलेज. त्या मुलाशी लग्न करायचा विचार सोडलास तर. मुलानं सांगितलं की मी गे आहे, तर त्या आठवड्यापासून फोन बंद. अशी घरं मोजकी नाहीत. ती मंडळाच्या गणपतीला येतात, मोदकही आणतात. अशा घरातल्या मुलीसाठी सरकारी अनुदान हा बाहेर पडायचा एक रस्ता असू शकला असता. तिनं कॉलेजात जायचं की नाही हे ठरवायचा हक्क नकळत बापाच्या हातात जाऊ नये, एवढ्यासाठी तरी.

तो जातो कसा, ते अर्जाच्या पडद्यावर पाहा. 2024-25 पासून अर्जात ‘कॉन्ट्रिब्यूटर’ म्हणून बापाचं नाव घालावं लागतं. त्याला ई-मेल जाते. त्यानं स्वतःचं खातं उघडून लॉग इन करायचं, करखात्याकडची माहिती घ्यायला संमती द्यायची, सही करायची. संमती नाही तर संघ सरकारचं अनुदान नाही. बापानं एक पैसा द्यायचा नाही, फक्त एक बटण दाबायचं आहे, आणि तेही त्यानं दाबलं नाही तर पोरीची पेल अडते. ‘आधी घरी ये, मग बघू’ असं म्हणायला बापाला आता स्वतःच्या खिशात हात घालावा लागत नाही. सरकारचे पैसे त्यानं सरकारच्याच परवानगीनं अडवून धरले आहेत. करदात्याचा पैसा बापाच्या आधी जाऊ नये म्हणून केलेला नियम करदात्याचा पैसा बापाच्या मुठीत देतो, हे समर्थकांना दिसत कसं नाही?

देऊ इच्छिणाऱ्या बापांचीही मदत ठरवणाऱ्या सूत्राला फारशी कदर नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. सांगलीला आई-वडिलांच्या औषधांसाठी दरमहा पैसे पाठवणाऱ्याला ते कुटुंबखर्चात धरता येत नाहीत, कारण भारतात राहणारे, अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नसलेले आई-वडील करात अवलंबून दाखवता येत नाहीत. आधी घरातली दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली तर आई-वडिलांचा अपेक्षित वाटा दोघांत विभागला जाई. 2024-25 पासून तीही सवलत गेली. तेव्हा दीड लाखवाला बाप जेवढा श्रीमंत कागदावर दिसतो तेवढा तो असतोच असं नाही. पण तो निदान सही तरी करतो.

शेवटचं समर्थन हुशार माणसांचं असतं. करखातंही पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलाला 24 वर्षांचा होईपर्यंत अवलंबून मानतं, मग शिक्षणखात्यानं मानलं तर काय बिघडलं? बिघडलं ते हे, की करखातं वय विचारून थांबत नाही. मूल वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुझ्याबरोबर राहिलं का, असं ते बापाला विचारतं. शिक्षणासाठी बाहेर राहिलेला काळ त्यात धरतात. आणि पुढे विचारतं, त्यानं स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः तर केला नाही ना? केला असेल तर बापाला त्याचं नाव विवरणात घालता येत नाही. म्हणजे कर कमी भरायला आलेल्या बापाला सरकार ‘खरंच पोसतोस का’ असं विचारतं, आणि अनुदान मागायला आलेल्या मुलाला ‘खरंच कुणी पोसतं का’ एवढं साधं विचारायला ते तयार नाही. ऑस्ट्रेलियानं युथ अलाउन्ससाठी स्वतंत्रतेचं वय पंचविसावरून बाविसावर आणलं. इंग्लंडमध्ये रेषा पंचविसाची आहे, अमेरिकेहूनही कडक, पण तीन वर्षं स्वतःच्या कमाईवर जगल्याचं दाखवलं तर तिच्या आतही स्वतंत्र मानतात. कॅनडात शाळा सोडून चार वर्षं झाली किंवा दोन वर्षं पूर्ण वेळ नोकरी केली की पुरतं. या देशांत लबाड नाहीत असं नाही.

खर्च वाढेल, हे मला मान्य आहे. किती, ते दार किती रुंद उघडतो यावर. मी ते सताड उघडा म्हणत नाही. अठराव्या वर्षी सरसकट सगळ्यांना स्वतंत्र माना, ही मागणी काहीजण करतात, ती मला पटत नाही, कारण त्यात पेलचा पैसा लेक काउंटीतल्या घरांकडे राजरोस जाईल. 1992 साली काढून टाकलेलं कलम परत घाला, एवढंच म्हणणं आहे: दोन वर्षं आई-वडिलांच्या करात नाव नको आणि स्वतःची कमाई 1986 च्या 4,000 डॉलरच्या, म्हणजे आजच्या भावात साधारण 12,000 डॉलरच्या वर हवी. तपासणं कठीण नाही. मुलगा स्वतःचं करविवरण भरतो तेव्हा त्यात एक चौकोन असतोच, ‘दुसरं कुणी तुम्हाला अवलंबून दाखवू शकतं का’. पगाराचा आकडा तर मालकानंच करखात्याला कळवलेला असतो. फॅफ्सा करखात्याकडून आकडे थेट उचलतो. त्यात हा एक चौकोन वाढवायचा, आणि तो तपासायला बापाची सही लागत नाही.